चौथा आवाज

दोस्तांनो, आज आधी एक कोडं. तुम्ही गडावर आहात. ऊन उतरायला लागलंय. बरोबरच्या एकाचा पाय मुरगळलाय. मोबाइल काढून बघता, तर रेंज नाही. खालच्या गावात निरोप पोचवायचाय. काय कराल?

हे कोडं मी आमच्या वाकडच्या घरी जेवताना घातलं. चौथीतला भाचा म्हणाला, "जोरात ओरडीन!" सातवीतली भाची म्हणाली, "शिट्टी वाजवीन. ओरडून घसा बसतो." त्यांची आई वाढता वाढता म्हणाली, "ऊन उतरेपर्यंत गडावर थांबायचंच नाही मुळी!"

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. आईचं तर सगळ्यांत बरोबर. पण या कोड्याचं आणखी एक उत्तर आहे, आणि ते आमच्याच इमारतीत अकराव्या मजल्यावर राहतं. त्या उत्तराला सगळे रेडिओकाका म्हणतात.

रेडिओकाका वाकडला राहायला आले, तेव्हा इथं ऊस डुलत होता. १९९७ साली वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, शेजारी हिंजवडीत आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि आता म्हातोबाच्या देवळाचा कळस बघायचा तर दोन इमारतींच्या फटीतून बघावा लागतो. काका चिंचवडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांच्या घरात एका कोपऱ्यात टेबल, टेबलावर काळा रेडिओसंच, आणि संचातून निघालेली वायर खिडकीतून थेट गच्चीवर. ती वायर बांधली तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये केवढी खडाजंगी झाली! एक आजी म्हणाल्या, "तुमच्या तारेमुळं आमच्या मालिकेत मुंग्या येतात!" काका काही बोलले नाहीत. आजींच्या घरी गेले, टीव्हीच्या मागची सैल पिन घट्ट बसवली. मुंग्या गेल्या. वायर राहिली.

तर हे रेडिओकाका 'हॅम' आहेत. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि आपल्या स्वतःच्या संचावरून दुसऱ्या हौशी मंडळींशी बोलायचं. ती पलीकडच्या गल्लीत असतील, नाहीतर जपानात. इथं गाणी लावायची नाहीत, जाहिरात करायची नाही, पैसे मिळवायचे नाहीत. प्रत्येक हॅमला सरकारकडून एक खूणनाव मिळतं. आपल्याकडची खूणनावं सहसा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही हॅम होते. हवेतलं त्यांचं नाव होतं 'व्हीयू टू आरजी'.

"पण काका, मोबाइल असताना हे कशाला?" भाचीनं विचारलं.

काकांनी तिचा आणि माझा मोबाइल टेबलावर शेजारीशेजारी ठेवला. "हे दोघं एकमेकांना चिकटून बसलेत. पण एकातला आवाज दुसऱ्यात जायचा, तर आधी तो टॉवरकडं जाणार, मग तिथून मोठ्या यंत्रांकडं, मग परत टॉवरकडं आणि मग शेजारच्या मोबाइलमध्ये. मधला टॉवर बंद पडला, तर दोघंही मुके. माझा संच मात्र समोरच्या संचाशी थेट बोलतो. मध्ये कुणी नाही."

"मग तुमचा आवाज मुंबईला जातो?"

"इथून, या छोट्या हातातल्या संचावरून? नाही जात," काका म्हणाले. "त्यासाठी डोंगर चढावा लागतो. येत्या रविवारी लोहगडावर येता?"

डोंगर कशाला?

रविवारी सकाळी चिंचवड स्टेशनवर आम्ही लोणावळा लोकल पकडली. डिसेंबरची थंडी होती. खिडकीची जागा मिळाल्यावर काकांनी वही काढली आणि एक मोठा गोल काढला.

"ही पृथ्वी. गोल आहे, हे तुम्हाला पहिलीपासून पाठ आहे. पण त्या गोलपणाचा त्रास कुणाला होतो, माहीत आहे? रेडिओवाल्यांना! माझ्या हातातल्या संचाच्या लहरी साधारण उजेडासारख्या सरळ रेषेत जातात. जमीन मात्र पुढं पुढं वाकत जाते. म्हणून काही अंतरानंतर लहर जमिनीला सोडून आकाशात निघून जाते."

मग त्यांनी एक सोपी युक्ती सांगितली. आपण किती उंचीवर आहोत, ते मीटरमध्ये घ्यायचं. त्याचं वर्गमूळ काढायचं. त्याला ३.५७ नं गुणायचं. येईल तितके किलोमीटर लांब आपलं क्षितिज. १०० मीटरचं वर्गमूळ १०, म्हणजे क्षितिज ३५.७ किलोमीटरवर. आमच्या इमारतीची गच्ची ३६ मीटर धरली, तर वर्गमूळ ६ आणि क्षितिज साधारण २१ किलोमीटरवर. लोहगड समुद्रसपाटीपासून १,०३३ मीटर उंच. वर्गमूळ ३२ च्या थोडं वर. कोकणाच्या बाजूला बघितलं, तर हिशेब येतो जवळजवळ ११५ किलोमीटर! रेडिओलहरी हवेत किंचित वाकतात, म्हणून त्या याच्याही थोड्या पुढं जातात.

"आणि वाकडहून मुंबई अडते, त्याला आणखी एक कारण आहे," काका म्हणाले. "मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. भिंतीच्या आडून बोलण्यापेक्षा भिंतीवर चढून बोललेलं बरं!"

हे ऐकून मला एकदम लहानपणीची गच्ची आठवली. तुमच्या आईबाबांना विचारा, तेही सांगतील. तेव्हा टीव्हीचा अँटेना घराच्या छपरावर असायचा. एका नळीवर आडव्या काड्या लावलेला, माशाच्या काट्यासारखा. पुण्यातल्या घराघरांवरच्या अँटेनांची तोंडं सिंहगडाकडं असायची, कारण दूरदर्शनचा मनोरा तिथं, उंचावर. वारा आला की अँटेना फिरायचा. मग एकानं छपरावर चढायचं आणि खालून दुसऱ्यानं ओरडायचं, "आलं, आलं... थांब... गेलं!" त्या माशाच्या काट्याला 'यागी' अँटेना म्हणतात. १९२६ साली उदा आणि यागी या जपानी शास्त्रज्ञांनी तो जगापुढं मांडला. आणि तसाच एक यागी रेडिओकाकांच्या पिशवीतून डोकावत होता. त्याच्या काड्या कशाच्या होत्या, सांगा बघू? सुताराच्या पिवळ्या मीटरटेपच्या! हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला टेप मीटर-मीटरभर कापायचा आणि पीव्हीसीच्या पाइपवर बसवायचा. पाठपिशवीत भरताना टेप वाकतो, बाहेर काढला की टणकन सरळ होतो.

गडावरचा निरोप

मळवलीला उतरून भाजे गावातून आम्ही गायमुख खिंडीची वाट धरली. चढ लागला तसा भाच्याच्या तोंडचा पट्टा बंद पडला. ती संधी साधून काकांनी गोष्ट काढली.

"डोंगरावरून निरोप द्यायची कल्पना आपल्याला नवी नाही. बाजीप्रभू घोडखिंडीत कशाची वाट बघत होते?"

"तोफांची!" भाची म्हणाली. "महाराज विशाळगडावर पोचल्याच्या."

"बरोबर. ते १६६० साल. आणि दहा वर्षांनी, १६७० च्या फेब्रुवारीत मावळ्यांनी कोंढाणा घेतला, तेव्हा गडावरची गवताची घरं पेटवली. सभासद बखरीत लिहिलंय, की तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. दोन्ही गडांमध्ये सरळ रेघ ओढली, तर अंतर सुमारे १५ किलोमीटर. घोडेस्वाराला दऱ्या उतरून, चढून जायला किती वेळ लागला असता? उजेड एका क्षणात पोचला. पण त्या निरोपात एक उणीव होती. कोणती?"

आम्ही विचार करत चाललो. गणेश दरवाजाच्या पायऱ्यांवर भाचीला उत्तर सापडलं. "उजेडानं गड घेतला एवढंच कळलं. तानाजी पडले, हे नाही कळलं."

काका थांबले. "शाब्बास! तोफेचा बार आणि आगीचा उजेड आधी ठरवलेलं एकच वाक्य बोलतात. त्यांना प्रश्न विचारता येत नाही. रेडिओला विचारता येतो. एवढाच फरक, पण फार मोठा."

चार दरवाजे ओलांडून आम्ही माथ्यावर आलो. खाली पवनेचं पाणी चमकत होतं. पलीकडं तुंग आणि तिकोना, शेजारी विसापूर. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं शिवरायांच्या काळातल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात लोहगडही आहे. काकांनी आपल्या परवान्याच्या अटी आधीच नीट बघितल्या होत्या. गडावरच्या रखवालदारांनाही त्यांनी सामान दाखवून विचारलं. मग तटापासून दूर, मोकळ्या जागी बैठक मारली. "जुन्या भिंतीला खिळा नाही, तार नाही, दोरीसुद्धा नाही," ते म्हणाले. "गडानं आपल्याला उंची दिली, एवढं पुष्कळ झालं."

चार माणसं हवीत

डोंगरावर रेडिओ घेऊन जाणारे फक्त आमचे काकाच आहेत असं समजू नका हं. २००२ सालच्या २ मार्चला ब्रिटनमधल्या हॅम मंडळींनी 'समिट्स ऑन द एअर' नावाचा खेळ सुरू केला. म्हणजे 'हवेतली शिखरं'. आता तो कितीतरी देशांत चालतो. त्याचे नियम ऐका. शेवटची चढण स्वतःच्या पायांनीच चढायची. संच, अँटेना, बॅटरी, सगळं स्वतः वाहून न्यायचं. मोटारीतून बोललेलं चालत नाही. पेट्रोलवरचं जनरेटर चालत नाही, बॅटरी किंवा सौर पाटीच हवी. जेवढं शिखर उंच, तेवढे गुण जास्त, एका शिखराला १ ते १०. आणि गुण मिळवायचे तर माथ्यावरून निदान चार वेगवेगळ्या हॅमशी बोलणं व्हायलाच हवं. घरी बसून डोंगरावरच्याला उत्तर देणाऱ्यालाही गुण मिळतात. असे १,००० गुण जमवणाऱ्या चढाईवीराला म्हणतात 'माउंटन गोट', म्हणजे डोंगरी बोकड!

काका म्हणाले, "आपण काही स्पर्धेत नाही. पण चारचा नियम चांगला आहे. आपल्यापुरता आपण तो पाळू. मात्र माझाही एक नियम आहे. साडेतीनला पिशवी भरायची. चार मिळोत, नाहीतर शून्य. उतरताना अंधार नको."

भाचीकडं वही आणि घड्याळ आलं. भाच्याकडं अँटेना धरायचं काम. त्याला मात्र बोलायचं होतं. "एकदाच 'हॅलो' म्हणू द्या ना!" काकांनी मान हलवली. "परवाना नाही, तर बटण नाही. मोटार चालवण्यासारखंच आहे हे. पण कान आहेत ना तुला? आज आपल्याला कानच लागणार आहेत." भाचा फुरंगटला. त्याला वाटलं, काका उगीच समजूत घालताहेत.

काकांचा संच ५ वॅटचा. घरातला साधा एलईडी दिवासुद्धा ९ वॅटचा असतो, म्हणजे हा त्याहून कमी. काकांनी बटण दाबलं आणि हाक दिली, "सीक्यू, सीक्यू, सीक्यू..." म्हणजे 'कुणी आहे का? कुणीही बोला!' पुढं आपलं खूणनाव आणि 'लोहगड'.

पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं. निगडीहून! तिथले हॅम म्हणाले, "पाच-नऊ." हे रेडिओचे गुण बरं का. पहिला आकडा शब्द किती नीट कळतात त्याचा, एक ते पाच. दुसरा आवाज किती जोरकस आहे त्याचा, एक ते नऊ. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी! मग भाच्यानं अँटेना पश्चिमेला, विंचूकाट्याकडं वळवला आणि नेरूळहून एक ताई बोलल्या. नवी मुंबई! पाच वॅटवर! भाचा फुरंगटायचं विसरला. तिसरे हडपसरचे निघाले. साडेबाराच्या आत तीन नावं वहीत उतरली.

आणि मग सगळं शांत.

एक वाजला. दोन वाजले. आम्ही पोळीभाजी खाल्ली, चिक्की खाल्ली. काका हाक देत राहिले. अँटेना पूर्वेकडंच होता, कारण तिकडून नगरच्या बाजूचं कुणी भेटेल अशी आशा होती. मी भाचीला गडाची माहिती देत होतो, भाचा माकडांशी भांडत होता, शेजारी सहलीला आलेली मुलं गाणी म्हणत होती. तीन वाजून गेले. भाचीनं पाच वेळा घड्याळ बघितलं. सव्वातीन. "काका, अर्धा तास जास्त थांबू या ना! फक्त एकच राहिलाय!"

"साडेतीन म्हणजे साडेतीन," काका म्हणाले. "गड पुढच्या रविवारीही इथंच असेल. आपलं चुकलं मात्र काहीतरी. काय चुकलं, ते बघू." मग त्यांनी आमच्याकडं वळून एक विचित्र मागणी केली. "दोन मिनिटं कुणीही एक शब्द बोलायचा नाही."

त्यांनी संचावरचं एक बटण फिरवलं. खर्रर्र असा आवाज सुरू झाला, कढईत पाणी पडल्यासारखा. हवेत अशी खरखर कायमच असते. ती कानाला नकोशी होते, म्हणून संचाला एक दार असतं. नुसती खरखर असली तर ते बंद राहतं, आवाज आला की उघडतं. पण गंमत अशी, की फार दुबळा आवाज आला तर त्या दाराला तो खरखरच वाटतो. मग ते त्यालाही बाहेरच ठेवतं! काकांनी ते दार आता सताड उघडलं होतं.

आम्ही गप्प. एक मिनिट. दीड मिनिट. आणि चौथीतला भाचा, जो जेवतानासुद्धा गप्प बसत नाही, तो हळूच म्हणाला, "कुणीतरी 'लोहगड' म्हणतंय."

मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. काकांनी खूण केली. भाच्यानं अँटेना हळूहळू फिरवायला सुरुवात केली. उत्तर, वायव्य, पश्चिम... आणि खरखरीच्या आतून, विहिरीच्या तळातून यावा तसा एक म्हातारा आवाज वर आला. "...लोहगड, लोहगड, ऐकताय का..."

भाची पेन्सिल सरसावून बसली. पण नुसता आवाज ऐकून भागत नाही, दोन्हीकडची खूणनावं पुरती पोचली तरच बोलणं झालं असं धरतात. शेवटचं अक्षर काही केल्या कळेना. बी? डी? पी? का व्ही? खरखरीत ही चारही सारखीच लागतात. म्हणून जगभरचे रेडिओवाले अक्षराऐवजी शब्द बोलतात. 'बी'ला ब्राव्हो, 'डी'ला डेल्टा, 'पी'ला पापा आणि 'व्ही'ला व्हिक्टर. काकांनी विचारलं, "शेवटचं अक्षर पुन्हा सांगा." खर्रर्र. पुन्हा विचारलं. खर्रर्र... "टर... व्हिक्टर... व्हिक्टर..."

"व्हिक्टर!" भाची ओरडली आणि तिनं वहीत लिहिलं. काकांनी आपलं खूणनाव सांगितलं. तिकडून ते बरोबर परत आलं. गुण दिले तीन-एक. म्हणजे कसंबसं पास! घड्याळात तीन वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती.

ते अलिबागजवळच्या एका गावातले आजोबा होते. घराच्या पत्र्यावर उभं राहून, उतरत आलेल्या बॅटरीवर बोलत होते. शेवटी त्यांनी जे सांगितलं, ते मी विसरणार नाही. "अहो, तासभर हाका मारतोय तुम्हाला! तुम्ही बोलता फार. जरा ऐकत जा की!"

काका मोठ्यानं हसले. आणि साडेतीनला पिशवी भरली.

कान असले की

उतरताना भाचीनं विचारलं, "काका, ते आजोबा खरंच संकटात असते तर?"

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणून तर हा खेळ खेळायचा. आज चुकलो, तर एक नाव कमी लागलं असतं. उद्या खरी वेळ आली तर चुकायला नको."

खरी वेळ कशी असते, ते सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. त्या वेळी हॅम मंडळी आपले संच घेऊन तिथं मदतीला गेली होती. २००१ साली २६ जानेवारीला कच्छमध्ये धरणी हादरली, तेव्हाही गेली.

आणि २००४ सालची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. अंदमान-निकोबार बेटांवर हौशी रेडिओला कितीतरी वर्षं परवानगी नव्हती. ती मिळाली, आणि डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्टब्लेअरला संच लावून बसले. तिथून बोलणारं कुणी नसल्यामुळं जगभरच्या हॅमना त्यांच्याशी दोन शब्द बोलायची घाई झाली होती. खेळ रंगात आला होता. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या, आणि बेटांवरचे टेलिफोन बंद पडले. त्याच क्षणी भारतीताईंनी खेळ थांबवला. काल ज्या संचावर गंमत चालली होती, त्याच संचावरून बेटांवरच्या माणसांची खुशाली आणि मदतीचे निरोप मुख्य भूमीवर जायला लागले. 'माझा मुलगा तिकडं आहे, तो कसा आहे?' असे प्रश्न इकडून जायचे, उत्तरं तिकडून यायची. तोफेच्या बाराला जे जमलं नसतं, ते इथं जमत होतं. प्रश्न विचारता येत होता.

अशा वेळी दुबळ्या बॅटरीवरचा, घाबरलेला, अर्धामुर्धा आवाज पकडावा लागतो. गडावर सामान वाहून नेणं, झाडाखाली दहा मिनिटांत संच लावणं, एका बॅटरीवर दिवस काढणं, आणि खरखरीतून एक अक्षर वेचून काढणं, याची सवय कुठं होते? रविवारच्या खेळात!

नेपाळमध्ये फादर मोरान नावाचे एक अमेरिकन धर्मगुरू होते. १९५१ साली त्यांनी काठमांडूजवळ गोदावरी इथं शाळा काढली. त्यांचं खूणनाव होतं 'नाइन एन वन एमएम', आणि शेवटची दोन अक्षरं ते 'मिकी माउस' अशी सांगायचे! या मिकी माउसनं हिमालयात गेलेल्या गिर्यारोहकांचे कितीतरी निरोप पोचवले. १९९२ साली ते वारले, पण जुने हॅम अजून त्यांचं नाव काढतात.

तुम्हालाही हॅम व्हायचंय?

मग ऐका. आपल्याकडं वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की परीक्षा देता येते. ती केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातर्फे होते. परीक्षेत दोन गोष्टी विचारतात, रेडिओ कसा चालतो ते आणि रेडिओचे नियम काय आहेत ते. सुरुवातीच्या श्रेणीला मोर्सची कडकट्ट भाषा लागत नाही, वरच्या श्रेणीला लागते. परवाना मिळेपर्यंत बटण दाबायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ऑनलाइन कुणी स्वस्तात वॉकीटॉकी विकत असेल, तर ती घेऊन गडावर जाऊ नका. विनापरवाना बोलणं गुन्हा आहे. आणि आईबाबांना एक विनंती. परीक्षेच्या आधी महागडा संच घेऊन देऊ नका. आधी जवळच्या एखाद्या हॅमची ओळख काढा आणि मुलांना त्यांच्या शेजारी तासभर नुसतं बसू द्या.

पावसाळ्यात आणि वळवाच्या दिवसांत मात्र कुणीही डोंगरमाथ्यावर अँटेना उभारायचा नाही. विजेला तो फार आवडतो.

आणि आपल्या पहिल्या कोड्याचं काय? मुरगळलेल्या पायाचं? शिट्टी बरोबर ठेवाच. निघताना कुठं जातोय आणि कधी परत येणार, ते घरी सांगून जा. आणि एखाद्याजवळ परवाना आणि संच असेल, तर त्याच्या हाकेला उत्तर देणारं कुणीतरी डोंगराखाली बसलेलं असेल. फक्त हाक दिल्यावर थांबायचं आणि ऐकायचं.

आमच्या भाचीला येत्या जूनमध्ये १२ वर्षं पूर्ण होतात. तिनं आतापासूनच डब्यावर, दप्तरावर, सायकलवर अल्फा, ब्राव्हो, चार्ली लिहायला सुरुवात केलीय. भाच्याला अजून तीन वर्षं थांबावं लागणार. पण त्याला दोन मिनिटं गप्प बसता येतं, हा शोध आमच्या घरात सध्या रेडिओच्या शोधापेक्षा मोठा मानला जातोय!

या आठवड्याचं काम : महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. काकांच्या युक्तीनं त्याचं क्षितिज किती किलोमीटर येतं ते काढा. मग आपल्या घराच्या गच्चीचं काढा. आणि शेवटी गच्चीवर दोन मिनिटं डोळे मिटून बसा आणि किती वेगवेगळे आवाज ऐकू आले, ते लिहून ठेवा. दहापेक्षा जास्त आले, तर तुमचे कान हॅमचे आहेत असं समजा. कळसूबाईचं उत्तर पुढच्या अंकात.

तोवर रेडिओवाल्यांच्या भाषेत सगळ्यांना '७३'. म्हणजे मनापासून शुभेच्छा!